नोकरी बघायला बारामती-इंदापूर: एका एमआरआयवाल्याची सहल

लोक बारामतीकडे शेती बघायला जातात, मोरगावला गणपतीच्या पाया पडायला जातात, उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला जातात. मी एमआरआयचं मशीन शोधायला गेलो.

कारण सांगतो. माझी बायको सुवर्णा पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. लग्नाला सात वर्षं झाली, त्यातली चार आम्ही वेगवेगळ्या गावांत काढली. ती जिथे कालवा असेल तिथे, मी नाशिकला, कारण माझं मशीन नाशिकला. दीड महिन्यापूर्वी तिची बदली बारामतीला झाली, क्वार्टर मिळालं, आणि या वेळी मी जायचं असं ठरलं. अडचण एवढीच की अकरा वर्षं मी फक्त एमआरआय काढतोय. दुसरं काम येत नाही. भाजी बरी निवडतो, पण त्याला कोणी पगार देत नाही. रजा दोनच दिवसांची मिळाली. तेवढ्यात नोकरी सापडली नाही तर पुन्हा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारचा संसार, हे दोघांनाही माहीत होतं.

पुण्याला आलो की स्वारगेटहून बारामतीला भरपूर गाड्या आहेत. घाई असेल तर विनाथांबा घ्या. मी सासवड, जेजुरी, मोरगाव अशी रमतगमत जाणारी साधी एसटी घेतली आणि शेजारी मोरगावचे एक तात्या मिळाले. कुठले, कोणाचे, काय करता, अशी रीतसर चौकशी झाली. माणसाच्या आतलं दाखवणारं मशीन चालवतो म्हटल्यावर ते सावरून बसले. त्यांच्या रानात चार बोअर कोरडे गेले होते. माणसाच्या आतलं दिसतं तर जमिनीच्या आतलं का दिसू नये, हा त्यांचा प्रश्न होता. मी समजावलं की माणसात पाणी भरपूर असतं, त्या पाण्यामुळेच चित्र उमटतं.

तात्यांनी थोडा विचार केला. "मंग आमच्या माणसांत पानी हाय आन् रानात न्हाय, आसंच म्हना की."

मोरगावच्या स्टँडवर उतरताना त्यांनी मला गणपतीला नमस्कार करून जायला सांगितलं. गाडी दहा मिनिटं थांबते, पण त्यातली आठ मिनिटं शेळ्यांनी दार अडवलं होतं. मी खिडकीतूनच हात जोडले. वडापाव वीस रुपये, मिरची मागावी लागते.

बारामतीत पहिल्या सेंटरला जागा होती, पण ती मालकांच्या भाच्यासाठी राखलेली, आणि भाचा अजून बारावीत. दुसऱ्या ठिकाणी मशीनच नव्हतं, नुसती खोली होती. मशीन येणार म्हणून दाराला हार घातला होता आणि तो वाळून कडक झाला होता. मालक सज्जन होते. तोपर्यंत बसाल का, म्हणाले. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, बसायचंच म्हटल्यावर दिवस कशाला मोजायचे.

तिसरा पत्ता चहावाल्याने दिला. तिथे मशीन आहे, माणूस हवाय, डॉक्टर हुशार आहेत, हे सगळं त्याने सांगितलं आणि सगळं खरं निघालं. फक्त मशीन एक्स-रेचं होतं आणि पेशंट म्हैस होती. पुढच्या पायाने लंगडत होती. डॉक्टरांनी मला शिशाचा एप्रन घातला आणि पाय धरायला लावला. अकरा वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "हलू नका, श्वास रोखून धरा." पायाच्या फोटोला श्वासाचा काही संबंध नसतो, पण म्हैस जराही हलली नाही. तिच्या मालकाने माझ्याकडे आदराने बघितलं. डॉक्टरांनी तिथेच नोकरी देऊ केली. पगार बरा होता, आणि इथले पेशंट रिपोर्टवरून वाद घालत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

सुवर्णाच्या क्वार्टरमध्ये दोन खुर्च्या, एक गादी आणि कालव्याचे नकाशे एवढंच सामान होतं. म्हशीची नोकरी घे, निदान घरी दूध येईल, असं म्हणून ती बराच वेळ हसत होती. मग हसू थांबलं आणि आम्ही दोघं नकाशाकडे बघत बसलो. शेवटी तिनेच सांगितलं, इंदापूरला हायवेलगत एका सेंटरमध्ये नवं मशीन आलंय पण टिकून माणूस राहत नाही, असं तिच्या मुकादमाकडून तिला कळलं होतं. का टिकत नाही ते मुकादमाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. बारामती ते इंदापूर दीड तास. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये केळी, डाळिंब, पुन्हा ऊस. खिडकीची जागा मिळाली तर डावी-उजवी असा विचार करू नका, दोन्हीकडे ऊसच आहे.

सेंटर चकचकीत होतं. मशीन बघून माझे डोळे निवले, नाशिकच्यापेक्षा दोन पिढ्या नवं. डॉक्टर मॅडमनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि आधी अडचण सांगितली. एमआरआय म्हणजे मोठं, कायम चालू असलेलं चुंबक. त्यामुळे आत जाताना अंगावर धातू चालत नाही. तीन आठवड्यांपूर्वी पळसदेवच्या हिराबाई कंबरेच्या एमआरआयला आल्या. खूप समजूत घातल्यावर त्यांनी मंगळसूत्र काढलं. त्याच मिनिटाला बाहेर बाकावर बसलेले त्यांचे यजमान, आबा, चक्कर येऊन आडवे झाले.

आबांना शुगर होती आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं, एवढीच गोष्ट. पण तालुक्यात गेली ती वेगळी. या मशीनसाठी बाईने मंगळसूत्र काढलं की बाहेर नवरा पडतो. बायका एक वेळ तयार व्हायच्या, नवरेच होऊ देत नव्हते. आधीच्या टेक्निशियनने चार दिवस वाद घातला आणि राजीनामा दिला. हिराबाईंची कंबर तर दिवसेंदिवस वाईट होत होती. पायाला मुंग्या येत होत्या, आणि एमआरआयशिवाय सर्जन ऑपरेशनला हात लावत नव्हते. त्या आज तिसऱ्यांदा आल्या होत्या.

"त्यांना आत नेलंत तर एक तारखेपासून या," मॅडम म्हणाल्या. "नाही नेता आलं तर मलाच मशीन विकावं लागेल."

बाहेर हिराबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, बसवत नव्हतं. शेजारी आबा, आणि आबांच्या भोवती इतर पेशंटांचे पाच-सहा नवरे, सगळे चिंतेत. मंगळसूत्र बघितलं. काळ्या मण्यांतून तार, वर दोन सेफ्टीपिना. ते नेणं शक्यच नव्हतं. मी चुंबक समजावलं, शुगर समजावली. हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं लगीन झालंय का, भाऊ?"

झालंय म्हणालो.

"मालकिनीनं कदी काढलंय का गळ्यातलं?"

सगळे नवरे माझ्याकडे बघू लागले. नाही म्हणालो असतो तर नोकरी तिथेच संपली असती. हो म्हणायचं तर घरची गोष्ट चव्हाट्यावर. पण खरं तेच सांगितलं. ती कालव्यावर काम करते, यंत्रात अडकेल म्हणून घालतच नाही. चार वर्षं मंगळसूत्र कपाटात आहे.

"आन् तुमाला काय झालं न्हाय?"

"पडलो नाही," मी म्हणालो. "पण ती एका गावाला आणि मी एका गावाला. चार वर्षं एकट्याचा स्वयंपाक करतोय. तुमचे आबा तर इथेच बाकावर बसणार आहेत."

हिराबाईंनी एकदा आबांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काढीन. पर खाली ठिवायचं न्हाय. ताटात न्हाय, कपाटात न्हाय."

मग ठेवायचं कुठे, यावर बाकावर चर्चा झाली. ते आबांच्याच गळ्यात घालायचं, हे मी सुचवलं. आबा लाजून लाल झाले, पण बायकोच्या पायाकडे बघून त्यांनी टोपी काढली आणि मान पुढे केली. हिराबाईंनी स्वतःच्या हाताने मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं. मी आबांना चहा आणि दोन केळी खायला लावली, मॅडमनी शुगर तपासली, मगच आत गेलो.

पंचवीस मिनिटं हिराबाई दगडासारख्या पडून होत्या. चित्रं सुरेख आली. मणका कुठे दाबला गेलाय ते स्पष्ट दिसत होतं. मी खुशीत बाहेर आलो तर बाकाभोवती गर्दी, आणि मधे आबा, हनुवटी छातीला टेकलेली, मंगळसूत्र पोटावर. एकाने नाडी धरली होती, दुसरा घड्याळ बघत होता. हात लावायची कोणाचीच हिंमत नव्हती. एवढ्यात आबांनी मोठ्यांदा घोरायला सुरुवात केली.

हिराबाईंना व्हीलचेअरवरून बाहेर आणलं तेव्हा त्यांनी रिपोर्ट विचारला नाही. "हाईत का?" एवढंच विचारलं. घोरणं ऐकलं आणि त्या रडायला लागल्या. दुपारपर्यंत त्या बाकावर तीन नवरे बायकांची मंगळसूत्रं घालून ओळीने बसले होते, शेजारी केळ्यांची सालं, आणि विषय उसाच्या तोडीचा.

आबांनी हट्टाने मला जीपमधून पळसदेवला नेलं. उजनी धरणाचं पाणी ओसरलं होतं, जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं. जाणार असाल तर पाणी उतरल्यावरच जा. नाहीतर देऊळ आहे असं फक्त ऐकायला मिळतं. किनाऱ्यावरच चिलापी माशाचं कालवण आणि बाजरीची भाकरी खाल्ली. हिराबाई चटईवर आडव्या पडून आम्हाला वाढण्याबद्दल सूचना देत होत्या. मंगळसूत्र त्यांनी परत घातलं होतं, आबांना सारखं गळा चाचपायची सवय मात्र लागली होती.

नाशिकला परतून आठवडा झाला. राजीनामा दिला. तालुक्याच्या गावी जातोस, मशीन बंद पडलं तर काय करशील, असं इथले साहेब म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक आहे. रोज बारामती ते इंदापूर जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जाणार आहेत. पण अकरा वर्षं मी पेशंट आत गेला की दार लावायचो. बाहेर बाकावर कोण बसलंय ते कधी बघितलंच नव्हतं. त्याची आता लाज वाटते.

काल इथल्या गॅस एजन्सीत कनेक्शन बारामतीला बदलून घ्यायला गेलो होतो. अर्जात कारणाच्या रकान्यात मी 'पत्नीची बदली' असं लिहिलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "बदली बाईंची ना? मग तुम्ही का निघालात?"

"ती तिथे राहते म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा खाली केला आणि अर्जावर शिक्का मारला.