नाव न ठरवणारे अण्णा

गुलबर्ग्यात मला कामाला ठेवणाऱ्या अण्णांना सगळं जमे, नाव ठरवणं तेवढं जमत नसे. कुणालाही फुकट घेऊन आपली वेबसाइट उभी करता येईल असा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. तो इंटरनेटवर टाकायचं राहिलं होतं, कारण रोज अंघोळ करताना त्यांना नवं नाव सुचे आणि जुनं जागोजागी बदलत मी बसे. नववीत शाळा सुटलेल्या मला त्यांनीच कॉम्प्युटर शिकवला होता, म्हणून बोलायची भीती वाटे.

शेवटी बोललोच. "अण्णा, कामून सारखं बदलायलाव?"

"लेकराचं नाव घाईनं ठेवतेत व्हय रे?"

"लेकरू शाळेत जायला आलंय, अण्णा."

हसत ते चहाला गेले. मी वैतागून नावाच्या जागी माझं गाव टाकलं, संतपूर, आणि प्रोग्राम इंटरनेटवर चढवला. नोकरी गेलीच, असं वाटलं.

अण्णांनी परत येऊन स्क्रीन वाचली, मान खाजवली आणि प्रोग्रामची कधीपासून वाट बघणाऱ्या एका मित्राला फोन लावला. "टाकलं बघा. नाव संतपूर. कामून म्हंजे? आमच्या माणसाचं गाव हाय."

माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"आता या नावाशेजारी चित्र कोणतं लावावं रे?"