चिंगमवाली मावशी

तोंडात एकही दात नसलेली बाई दर बाजाराला चिंगम विकत घेते, हे मी सानगडीत लग्न होऊन आल्यावर पाहिलं. सासऱ्यांच्या किराणा दुकानात मी बसायची. मावशी यायची, पदराची गाठ सोडायची. "दोन चिंगम दे वो सूनबाई." पुडी तिथंच उघडून आतला क्रिकेटवाल्याचा फोटो ठेवून घ्यायची आणि चिंगम शाळेतून परतणाऱ्या पोरींना वाटून टाकायची.

क्रिकेट कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. फोटोंचा नाद तिच्या मनोहरचा. एकुलता एक, बाप लहानपणीच गेलेला. पंधराव्या वर्षी तो मामाबरोबर भिलाईला कामाला निघाला, तेव्हा फोटोंचा डबा तिच्या हाती देऊन म्हणाला, "माय, हे जपून ठेव. जितके जुने होतीन, तितकी किंमत वाढते. सगळे नंबर पुरे झाले का आपण घर बांधू." मावशीनं ते मनावर घेतलं. लोक हसायचे. ती म्हणायची, "तुमच्या सोन्याचा भाव वाढते, मंग याचा काहून नाही वाढणार?"

प्रत्येक फोटोच्या मागे नंबर असे. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण पन्नाशी उलटल्यावर ती माझ्याकडून आकडे शिकली. सत्तावीस नंबर काही केल्या मिळेना. तीन वर्षं ती दर पुडी श्वास रोखून उघडत होती. शेवटी तो एका गुरुजींच्या मुलीकडे निघाला. मावशीनं अंड्यावर आलेली कोंबडी देऊन तो आणला आणि दुकानात येऊन नुसतीच हसत बसली.

"पुरे झाले वो बाई! आता त्याले पत्र लिही. म्हणा, घर बांधाले ये."

मनोहरची पत्रं कधीच बंद झाली होती. तरी मी लिहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. पुढच्या उन्हाळ्यात साकोलीला कुणाचं लग्न होतं, तेव्हा तो बायको आणि लहान मुलीला घेऊन दोन तासांसाठी आला. मावशीनं मलाही बोलावलं. चटईवर तिनं सगळे फोटो नंबरानं मांडले होते. एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता.

"हे काय, माय?"

"तुह्यावालेच. पुरे केले."

तो हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "अवो माय, मी पोट्टा होतो तवा! आता याले कोण घेते? रद्दीवालाही घेणार नाही."

तेवढ्यात त्याच्या मुलीनं मूठभर फोटो उचलून चुरगाळले. मावशीचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि मागे आला. "खेळ, माय, खेळ," ती म्हणाली.

कोंबडीचं, सत्तावीस नंबरचं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो पोटचा मुलगा, मी शेजारची सून.

त्यांना बसमध्ये बसवून परतताना मी म्हणाले, "मावशी, त्यानं असं बोलायला नको होतं."

ती थांबली. "त्याले बोल नको लावू, बाई. सांगून गेला तवा त्याले खरंच वाटत होतं. माह्यासाठी घर बांधाचं त्याच्या मनात आलं होतं ना? दुसऱ्या कोणाच्या मनात आलं?"

त्यानंतर चिंगममध्ये नवे फोटो निघाले, पण मावशीनं विचारलं नाही. मीठ-मिरची घेऊन ती मुकाट घरी जायची. त्याच वर्षी धान कापणीला आलं असताना ती तापानं गेली.

मनोहर तिसऱ्या दिवशी पोचला. रिकाम्या ओसरीवर त्यानं मला विचारलं, "वहिनी, एकटीनं दिवस कसे काढले माह्या मायनं?"

या वेळी मी सगळं सांगितलं. आकडे, कोंबडी, तीन वर्षं, आणि भिलाईला निघताना तो जे बोलला होता ते. उभ्याउभ्या ऐकता ऐकता तो खाली बसला.

"घर बांधू म्हणून मी सांगितलं होतं तिले?" तो म्हणाला. "वहिनी, मले आठवतच नाही."