कालबुबूचा गोड आवाज

किर्गिझस्तानात ओश शहराजवळच्या त्या गावात कुणी वारलं की आधी कालबुबूला हाक जायची. मॉस्कोत राबणाऱ्या मुलाबाळांना मरण फोनवर सांगायचं नसतं. आजारी आहे, येऊन जा, एवढंच म्हणायचं. लेकरू दारात आलं की मग काय ते सांगायचं. कालबुबूचा आवाजच असा, की मेलेल्या माणसाला नुसती सर्दी झालीय असं वाटावं. पाठीमागे बायका तिची नक्कल करायच्या: "काऽही नाही रे राजा, जरा अंग कणकणतंय." आपल्या घरावर वेळ आली की मात्र मुकाट तिलाच बोलवायच्या.

मॉस्को तसं लांब नव्हतं. तीन हजार किलोमीटर खरे, पण थेट विमानाने चार-साडेचार तास. राजधानी बिश्केकहून घाट चढत मोटारीने येणाऱ्याला याच्या दुपटीहून जास्त लागतात. सकाळी निरोप गेला तर रात्री लेकरू घरी, असाच सगळ्यांचा हिशोब.

जुलैत तिची धाकटी बहीण उल्कान गेली. अंगणात रिवाजाप्रमाणे जाड लोकरी नमद्याचा तंबू उभा राहिला, मयत आत ठेवलं. उल्कानची एकुलती एक लेक कान्यशाय मॉस्कोच्या हॉटेलात भांडी घासायची. तिलाही फोन कालबुबूनेच केला.

"आईचं बीपी जरा वाढलंय गं. येऊन जा."

"खरं सांग मावशी. फार आहे का?"

'फार आहे' एवढं म्हणायला रिवाजाची आडकाठी नव्हती. पण बहिणीचं मरण आवाजातून कळू नये म्हणून कालबुबू नेहमीपेक्षा जास्तच गोड बोलली. "छे गं पोरी, बसून चहा पितेय बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी उल्कानचे यजमान मामासाली तंबूबाहेर काठीवर रेलून उभे होते. रडून आवाज बसला होता. "कुठवर आली, ताई?"

कालबुबूने फोन लावला.

"विमान बदलायला सायबेरियात नोवोसिबिर्स्कला उतरलेय गं. थेट विमान फार महाग, म्हटलं आईचं काही एवढं नाही. इथून उद्या सकाळी निघेन."

ते ऐकून मामासाली म्हणाले, "चार तास उडाली आणि अजून तीन तास लांबच?"

दफनासाठी आलेले मुल्ला हळूच म्हणाले, "उन्हाळा आहे बाई. बर्फ पुरत नाही. थोरली बहीण तू, तू सांग."

मामासालींनी नकारार्थी मान हलवली. "थांबू या. लेक आहे ती."

कालबुबूने तंबूचा पडदा सारून आत पाहिलं. मग म्हणाली, "न्या."

दुसऱ्या दिवशी कान्यशाय टॅक्सीतून उतरली, हातात औषधांची पिशवी. अंगणातला मयताचा तंबू दिसला आणि ती तिथेच थांबली.

"आई आत आहे ना?"

"काल नेली."

"बाबा थांबले नाहीत माझ्यासाठी?"

"ते थांबत होते. मीच न्या म्हणाले."

पहिल्यांदाच कालबुबूचा आवाज खरखरीत निघाला. कान्यशाय तंबूत गेली. रिवाजाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून ती बायकांच्या रांगेत बसली आणि तिने हंबरडा फोडला. कालबुबू शेजारी टेकायला गेली. कान्यशायने सरकून जागा दिली नाही.