‘थकलो’ हा शब्द सोडून

आमच्या घरात थकव्याचे प्रकार पुष्कळ होते, पण थकायला परवानगी नव्हती. ही व्यवस्था बाबांची. चेन्नईतल्या संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. सुटे भाग मापाला लावून पाहायचे आणि पास, रीवर्क किंवा स्क्रॅप असा शिक्का मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्तीनंतर सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी आमचे शब्द तपासायला घेतले.

तांबरमच्या कॉलेजात शिकवून, गाड्या बदलत मी अंबत्तूरला घरी पोचायचो आणि दारातच अंग टाकायचो. एकदा म्हणालो, “थकलो.”

बाबांचा चष्मा कपाळावर गेला. “तू? जिना चढून आलास, त्याला दमणं म्हणतात. पाणी पी, जाईल.”

“दिवसभर शिकवलंय, बाबा.”

“मग जास्त दमलास. दमलेला माणूस रीवर्कला जातो, थकलेला स्क्रॅपला. जपून वापर शब्द.”

मला हा खेळ भलताच आवडला. मी रोज नवा माल घेऊन दारात उभा राहू लागलो. पेपरांचे गठ्ठे उचलून आलो की अंग आंबलेलं असायचं; बाबा खांदे दाबून बघत आणि पास करत. पेपर तपासून डोळे शिणत. शीण त्यांना मान्य होता, कारण तो हळूहळू साचतो आणि एका झोपेत उतरत नाही. मे महिन्यात “गळून गेलो” हे न तपासताच पास व्हायचं, चेन्नईच्या उन्हापुढे ते स्वतःही गळून जात. “कंटाळलो” मात्र दारातूनच परत. “काम न करताही येतो तो. आमच्या खात्याचा माल नाही.”

माझी बायको तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, त्यामुळे तिची मराठी आमच्यापेक्षा जुनी. लग्नानंतर एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, “आज फार भागले मी.” बाबा उठून उभेच राहिले. ‘थकलाभागला’मधला हा दुसरा भाऊ आपल्याकडे बडबडगीताबाहेर एकटा दिसत नाही, तो इथे, त्यांच्या सुनेच्या तोंडी, धडधाकट सापडला होता. तिच्याकडे तमिळमधला ‘अलुप्पु’ही होता. शीण आणि कंटाळा एकाच डब्यात भरले की अलुप्पु. बाबांनी डबा उघडून, वास घेऊन तोही पास केला.

मग बाबांची स्कूटर आडवी आली. अक्षरशः. सिग्नलला थांबताना त्यांनी टेकवलेला पाय टिकला नाही आणि ते भाजीच्या पिशवीवर हळूच कलंडले. कुणीतरी घरी आणून सोडलं. खरचटलंही नव्हतं. “शेवग्याच्या शेंगा मोडल्या,” एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली खिशात टाकून पुन्हा निघाले.

पुण्याहून बहिणीचा फोन आला. “दादा, स्कूटर बंद कर त्यांची. सरळ सांग, तुम्ही आता थकलात.”

“तू सांग की.”

“मी इतक्या लांब.”

“म्हणून तर. त्यांनी काही फेकून मारलं तर तुला लागणार नाही.”

तिने फोन ठेवला. बायकोने तिच्या परीने प्रयत्न केला. “मामंजी, एवढ्या उन्हात कशाला जाता? भागाल.”

“भागलो की परत येईन,” मामंजी म्हणाले आणि गेले.

शेवटी जेवताना मी घसा खाकरला. “बाबा, मला वाटतं, तुम्ही आता...” त्यांनी घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. “...जरा दमता,” मी म्हणालो.

“दमतो,” ते म्हणाले आणि घास खाल्ला.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की मी घाबरलो तो त्यांच्या रागाला नव्हे. ‘दमलात का’ हे आपण समोर उभं राहून विचारतो, हातात पाण्याचा तांब्या असतो. ‘थकले हो ते आता’ हे मात्र शेजारच्या खोलीत, आवाज खाली आणून बोलतात. ज्याच्याबद्दल बोलायचं, तो तिथे नसतो. बाबांना आम्ही त्या दुसऱ्या खोलीतून पाहायला लागलो होतो, आणि त्यांना ते ऐकू येत होतं.

एका शनिवारी ते शेअर ऑटोने घरी आले. हातात भाजी होती.

“गाडी कुठाय?” मी विचारलं.

“बाजारापाशी. सावलीत लावलीय.”

“का? काय झालं?”

त्यांनी चपला काढायला बराच वेळ घेतला. “थकली ती.”

“गाडी?”

“गाडी. मग कोण?” त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि आत जाऊन पंखा लावला.

किल्ली घेऊन मी बाजारात गेलो. कडुलिंबाखाली स्कूटर ऐटीत उभी होती. पहिल्याच किकला सुरू झाली, तीही अशी की शोरूममधून आजच बाहेर पडलीय. मी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि ती बंद केली. तिचा आवाज बाबांना दोन गल्ल्यांवरून ओळखू यायचा. म्हणून तसल्या उन्हात मी ती ढकलत निघालो. चहावाला ओरडला, “एन्ना सार, पेट्रोल इल्लिया?” पेट्रोल संपलं असंच भासवत मी शोकांतिकेतल्या राजासारखी मान हलवली.

बाबा बाल्कनीत उभे होते. “सुरू झाली का?”

“नाही, बाबा. पुष्कळ किका मारल्या.”

“वाटलंच मला.” थोडा वेळ ते कठड्याला धरून स्कूटरकडे पाहत राहिले. “फार पळाली बिचारी. आता तिला ताणू नकोस.”

“नाही ताणत.”

पार्किंगमध्ये मी तिच्यावर कव्हर घालत होतो, तेवढ्यात बायको खाली आली. “खरंच नाही झाली?” तिने हळूच विचारलं.

“पहिल्या किकला झाली.”

कव्हरचं एक टोक उडत होतं, ते तिने वाकून चाकाखाली खोचलं.

सोमवारी सकाळी ती स्कूटीवरून बाजारात निघाली, तर बाबा पिशवी घेऊन आधीच फाटकाशी उभे. “सूनबाई, तुला वांगी निवडता येत नाहीत. मी येतो.”

तिने डिकीतलं दुसरं हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. ते मागे बसले, पिशवी मांडीवर ठेवली आणि तिच्या खांद्याला धरलं. गल्लीच्या टोकापर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. “खड्डा आहे पुढे. गिअर कमी कर.”

“हिला गिअर नाही, मामंजी.”

“नसू दे. तरी कमी कर.”