माळावरची रिकामी जागा

स्लाइड प्रोजेक्टरचा दिवा तापला की भाजलेल्या धुळीचा एक मंद, कोरडा वास यायचा, आणि सदाशिव पेठेतल्या त्या छोट्या सभागृहात पडद्यावर पहिलं चित्र उमटण्याआधीच मी मनाने जैसलमेरच्या पलीकडे, वाळवंटातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात पोचलेली असायची. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हाची पहाटही अशीच वासाने लक्षात राहिली आहे: रात्रभर निवलेली वाळू, दवाने ओलावलेलं सेवण नावाचं उंच गवत, आणि क्षितिजापर्यंत नजरेला अडवणारं काहीही नाही. एवढं आकाश एका वेळी मी कधी पाहिलंच नव्हतं. परतताना ठरवून टाकलं, हे पुण्याला दाखवायचं.

बाजार नुकता खुला झाला होता. शहरात संगणकाच्या कंपन्या येत होत्या, स्कूटरवाल्यांच्या घरी मोटारी आल्या होत्या, आणि सुट्टीत कुठेतरी लांब जाऊन यायची नवी हौस लोकांना लागली होती. मी स्लाइडचे डबे पिशवीत घालून कॉलेजांत, कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये, बिबवेवाडीच्या सोसायट्यांत हिंडायची. अर्धा तास जीव तोडून बोलल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, ‘वाघ आहे का हो तिथे?’ नाही म्हटलं की दुसरा, ‘मग आहे काय?’ अस्सा संताप यायचा! अहो, गवत आहे, खोकड आहे, चंडोल आहे, आणि त्या गवतात संथ पावलं टाकत चालणारा, माणसाच्या कमरेला लागेल एवढा माळढोक पक्षी आहे. पण ज्या जमिनीवर झाड नाही तिला आपण सरळ पडीक म्हणून मोकळे होतो, आणि पडीक म्हटलं की ती कुणीही घ्यावी, खणावी, वाटून टाकावी. पाहणारी माणसंच नसतील तर त्या माळासाठी उद्या भांडणार कोण, एवढ्यासाठी माझा सगळा आटापिटा होता.

वसुधा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचा टेकडीवाल्यांचा एक गट होता. रोज पहाटे पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढायची आणि स्वतः लावलेल्या रोपांना बोटभर पाणी घालून उतरायचं, हे त्यांचं व्रत. पावसाळ्याच्या तोंडाशी ही मंडळी निंबोळ्या नि चिंचोके गोळा करत, धुऊन सावलीत सुकवत, आणि सहलीला निघाली की उघडं रान दिसेल तिथे टाकत जात. माणसं सोन्यासारखी, त्यांच्या घामाला मी कधी हसले नाही. माझा कार्यक्रम पाहून वसुधाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माळढोकाची मादी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, चहूकडचं लांबवर दिसतं म्हणून तर तिला तिथे निर्धास्त वाटतं, झाड आलं की त्यावर कावळा येऊन टपून बसतो, हे सगळं सगळं मी सांगितलं होतं. माना डोलल्या होत्या. पुढच्या श्रावणात तो अख्खा गट माझ्याबरोबर वाळवंटात आला, आणि मला केवढा आनंद झाला!

पहिल्या दिवशी सायंकाळी लांबून, दुर्बिणीतून, मी त्यांना अंड्यावर बसलेली मादी दाखवली. वाऱ्याने हलणाऱ्या गवतात तिची मान तेवढी स्थिर होती, आणि मावळतीचा पिवळसर प्रकाश तिच्या पाठीवरून हळूहळू उतरत होता. पुण्याची माणसं गप्प बसली, याहून मोठी दाद कुठली?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा पेला घेऊन झोपडीबाहेर आले, तर गट जागेवर नाही. गवतात पाहते तो सगळे वाकलेले, हातात खुरपी, आणि मधोमध वसुधा, पदर खोचून, निंबोळ्यांची पिशवी काखोटीला मारून. पुण्याहून खास आणलेल्या निंबोळ्या! मला ओरडायचीही सोय नव्हती, कारण त्यांच्या पलीकडेच, त्यांना न दिसणारी, ती मादी बसलेली होती. मी धावले. मी पोचायच्या आधीच ती उठली, जड पंखांनी हवा कापत गेली, आणि दूर, फार दूर जाऊन उतरली. उघड्या मातीवर अंडं तसंच राहिलं. उन्हाला धार चढू लागली होती.

“अगं, एवढी जागा नुसती रिकामी पडलीय,” वसुधा कपाळावरचा घाम पुसत म्हणाली. “तुझ्या पक्ष्याला जरा सावली होईल!”

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. खुरप्या हिसकावून घेतल्या, सगळ्यांना ओढत मागे आणलं, तेवढ्यावरच न थांबता आम्ही तो परिसरच सोडला, कारण माणूस दिसत असेतो मादी परतत नाही. त्यामुळे ती परतली की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ते अंडं माझ्या डोळ्यांपुढे उन्हात तसंच पडून आहे. परतीच्या प्रवासात वसुधा माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्याशी. ‘झाडं लावणाऱ्यांना हाकलणारी बाई’ अशी माझी कीर्ती मात्र माझ्याआधी पुण्यात पोचली.

मग वर्षं गेली. पुण्याबाहेरच्या वाघोलीचा जो माळ मला पहिल्यांदा गवत पाहायला शिकवून गेला होता, त्यावर कॉलेजं आली, इमारती आल्या, प्रत्येक जाहिरातीत कोवळ्या झाडांच्या रांगा आल्या. ‘पूर्वी इथे काहीच नव्हतं हो,’ असं जो तो कौतुकाने सांगायचा, आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वसुधाच्या मुलाला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली, त्याने वाघोलीतच फ्लॅट घेतला. यंदा पाऊस तोंडावर आला असताना तिचा अचानक फोन आला. म्हणाली, “ये. आत्ताच ये. भांडायला माणूस कमी पडतोय.”

गेले. तिच्या मुलाच्या सोसायटीत वृक्षारोपणाचा समारंभ होता. ओळीने रोपं, फावडी, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मुलं. इमारतीमागच्या खडीच्या तुकड्यावर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती, आणि तिच्या खाली, चार दगड मांडून केलेल्या रिंगणापाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर पिकल्या केसांची वसुधा ठाण मांडून बसली होती. रिंगणात खडीच्याच रंगाची अंडी होती. सांगितल्याशिवाय दिसलीच नसती. सोसायटीचे अध्यक्ष तिला परोपरीने विनवत होते, “काकू, अहो, नकाशात झाडं इथेच आहेत. बाकी कुठे जागाच रिकामी नाही.”

“हीसुद्धा नाही,” वसुधा म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझा राग गेला असंही नाही; तो त्या उन्हातल्या अंड्यापाशी अजून उभाच आहे. मी शेजारची एक खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले. टिटवी वरून दोघींवर सारखीच ओरडत होती.