मधल्या पानावरचा मुलगा

आमच्या ऑफिसातलं काही सांगायला बसलो की बायको म्हणते, "पुरे आता, पोळी करपतेय." पण ते थांबतं होय? मिशा पिकलेली माणसं बसून पंधरा वर्षांच्या मुलींसाठी पॉप गाण्यांचं मासिक काढतात म्हटल्यावर, रोज दार उघडायच्या आधीच एखादा किस्सा आत येऊन खुर्ची अडवून बसलेला असतो. शिवाय मध्यंतरी मासिकच बंद पडायची वेळ आली होती, म्हणून आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

मालकांनी, म्हणजे अण्णांनी, बजावलंच होतं. "मुली सगळं फोनवर बघतात. छापलेलं कोण घेतं?" अण्णांचा मूळ धंदा उदबत्तीचा, मासिक ही हौस. ते बंद झालं असतं तर माझं काय, मी कुठेही पानं लावून पोट भरेन. पण आमच्या संपादक प्रभाअक्का कुठे गेल्या असत्या? त्यांचं अर्धं आयुष्य जयनगरच्या या दोन खोल्यांत गेलंय. मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं, खरं सांगतो.

*

अक्कांनी साठी ओलांडलीय. गुडघे दुखतात, चष्मा दोरीने गळ्यात. पण मासिकात त्या 'जिया' असतात, वय वर्षं एकोणीस. जिया मुलींच्या प्रश्नांना उत्तरं देते. "मैत्रीण बोलत नाही ना? माझीही एकदा अशीच रुसली होती," असल्या थाटात.

मी एकदा विचारलं, "अक्का, हे खोटं नाही का?"

"खोटं कसं? रुसली होती की. आता तिला दोन नातू आहेत."

एकदा हेब्बाळहून एका बाईंचा फोन आला. "आमची मुलगी आमचं ऐकत नाही, जियाचं ऐकते. अशी सून मिळाली तर घर सुधारेल. माझा मोठा इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे, स्वतःचा फ्लॅट आहे. जियाच्या आईवडिलांचा नंबर मिळेल?"

अक्कांनी फोन कानाशी धरून जरा विचार केला. "मुलगी अजून शिकतेय," म्हणाल्या, "आणि पत्रिकेत मंगळ आहे."

*

मासिकाचा सगळा जीव मधल्या दोन पानांत. तिथे पोस्टर असतं, सोडवून भिंतीला लावायचं. त्याचे अक्कांचे नियम ठरलेले. मुलगा सरळ आपल्याकडे बघत पाहिजे. शेजारी मुलगी नको. हसू हवं, पण दात नकोत.

"एवढं काय त्यात?" मी म्हटलं. "चकचकीत दिसलं की घेतात मुली."

"गाणी फुकट मिळतात रे विनू," अक्का म्हणाल्या. "पण तिच्या खोलीची भिंत एकच असते. घरात बाकी सगळं मोठे ठरवतात, तिथे कोण लागणार ते ती ठरवते. आपण ते विकतो."

मला काही फारसं पटलं नाही. मी आपली मान हलवली.

पोस्टर पास की नापास, हे मात्र लक्ष्मम्मा ठरवायची. ती ऑफिस झाडायला येते. आदल्या संध्याकाळी पोस्टर भिंतीला लावून ठेवायचं. ती न बघता झाडत गेली तर मुलगा नापास. पदर नीट केला तर पास. एकदा ती केरसुणी हातात घेऊन तशीच अक्कांपाशी आली.

"अक्का, त्याला स्वल्प तिकडे तोंड करायला सांगा. मला झाडता येईना."

तो अंक हातोहात संपला.

*

आता माझी चूक. मासिकाच्या मधोमध, घडीवर, दोन पिना मारतात. त्या चेहऱ्यावर येऊ नयेत म्हणून चेहरा नेहमी एका बाजूला घ्यायचा, हे शिकाऊ माणसालाही कळतं. पण एकदा घाईत मी एका लाडक्या गायकाचा चेहरा बरोबर मध्ये घेतला आणि वरची पिन त्याच्या नाकपुडीत बसली. चांगली चमकत होती.

फोनवर फोन. मुली रडत होत्या. मी नाव बदलून बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी एक आई मुलीला घेऊन जिना चढून आली. मुलीच्या नाकात नवीकोरी चमकी, नाक टोमॅटोसारखं लाल. आई म्हणाली, "ही पानं तुम्हीच लावता? त्याने टोचलंय असं हिला वाटलं, म्हणून हिनेही जाऊन टोचून घेतलं."

मी खुर्चीतून उठलो. पळायला एकच दार, आणि त्यात त्या उभ्या.

त्यांनी पिशवीतून म्हैसूरपाकाचा डबा काढला. "आजीची नथ घालायला नाक टोच म्हणून दोन वर्षं मागे लागले होते. तुमच्यामुळे झालं हो."

*

आणखी एक नियम. प्रत्येक अंकात क्विझ असते, आणि एखाद्या नव्या माणसाने ती खरं खरं बोलून सोडवल्याशिवाय छापायला जात नाही. एकदा 'तो तुला समजून घेतो का?' ही क्विझ मी घरी नेली. बायकोने गॅस बारीक केला, पेन घेतलं, माझ्याकडे एकदाही न बघता सोडवली. निकाल आला: 'मैत्रिणी, याला सोड. तुला याच्याहून चांगला मिळेल.'

ते पान अजून फ्रिजवर आहे. भांडण झालं की ती बोलत नाही, नुसतं तिकडे बोट दाखवते.

*

आणि मग तो दिवस. अंक छापायला जायचा होता आणि अण्णा आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "अक्का, हा शेवटचा. पुढच्या महिन्यापासून नको."

अक्कांनी चष्मा पुसला. मी उगाच माऊस हलवत बसलो.

मग अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पण क्विझ सोडवायची राहिलीय. विनूला मुलगेच, मला कोणी नाही. तुमच्या घरी मुलगी आहे. स्वल्प बसा."

क्विझ होती 'घरात तुला कोण ओळखतं?' मुलीने घरातल्या कोणाला तरी स्वतःबद्दलचे प्रश्न विचारायचे. अण्णा हसले, बसले. त्यांच्या मुलीचं नाव पूर्वी, दहावीला आहे.

"तिची सगळ्यात जवळची मैत्रीण?"

"श्रेया." मग थांबून, "नाही, ती चौथीतली."

"शेवटची रडली ती कशावरून?"

"रडली? कधी?"

अक्कांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. "तिच्या खोलीत भिंतीवर कोण आहे?"

"भिंतीवर? कॅलेंडर आहे. आमच्याच उदबत्तीचं."

"ते मागच्या वर्षी तुम्ही लावलेलं," अक्का म्हणाल्या. "मुली जियाला सगळं लिहितात. आता कोण आहे?"

अण्णा निकाल न बघताच उठले, फोन घेऊन बाहेर जिन्यापाशी गेले. खिडकी उघडी होती.

"पूर्वी, तुझ्या खोलीत भिंतीवर कोण आहे गं?... नाही, रागावत नाहीये. सहज विचारतोय... हं... हं... कुठला, निळ्या केसांचा?... का बरं तोच?"

मग ते बराच वेळ नुसते ऐकत उभे राहिले. खाली एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तर त्यांनी दुसऱ्या कानावर हात धरला.

आत आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"अक्का, तो निळ्या केसांचा आहे ना, त्याचं मोठं पोस्टर हवंय म्हणते. पुढच्या अंकात."

"सरी," अक्का म्हणाल्या.

अण्णा जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून परत वर आले, दारातून माझ्याकडे बघितलं.

"आणि पिन नाकातून नको, म्हणाली."