मैदानातला हत्ती

ती घटना आठवली की मी आजही एकटाच हसतो. घरच्यांना कारण विचारावं लागत नाही.

मलकापूरकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन वाजला. ठाणे अंमलदार पुण्याकडचा, जिल्ह्यात नवा. पलीकडून कोणी बोललं, "साहेब, स्टेडियममंदी रोज पहाटे हत्ती घुसते. धावायची पट्टी पुरी खराब करून राह्यला." आमच्या गड्याने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि थेट वनविभागाला फोन लावला!

मी रिसीव्हर काढून घेतला. "अरे, हत्ती म्हणजे छोटी मालवाहू गाडी. तिला सोंड नसते."

हजेरी हसून मोडली. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मैदानात वाहनांना मनाई होती. तरी हत्तीमागून फिरायला येणाऱ्यांच्या मोटारीही आत शिरू लागल्या होत्या. मातीच्या पट्टीवर चाकोऱ्या पडल्या, एका पोरीचा पाय मुरगळला. क्रीडा कार्यालयाने बजावलं होतं, हे थांबलं नाही तर फाटक उन्हं आल्यावरच उघडणार. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलेली, आणि तयारी करणाऱ्या पोरींना सरावाला वेळ पहाटेचाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे साध्या कपड्यांत अंमलदाराला घेऊन गेलो. पट्टीवर मोटारींची रांगच होती. मी मनाईचा आदेश वाचून दाखवला. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. नियम मोठ्याने वाचायची मला हौस आहे, ती कशाला लपवू?

एक कापडव्यापारी फुरंगटून म्हणाला, "त्या हत्तीले सूट, मंग आमीच काय घोडं मारलं?"

तेवढ्यात हत्ती आला. पट्टीवर उभा राहिला, पण चालकाने दिवे काही बंद केले नाहीत.

"गाडी आत काऊन घातली?" मी दरडावलं.

"हळू बोला साहेब, पोरगी धावून राह्यली."

मी वळून पाहिलं. त्या उजेडात पाच-सहा पोरी धावत होत्या. मैदानावरचे दिवे कधीचेच गेलेले. हा गडी बाजारात भाजी पोचवायचा, त्याआधी पोरीला उजेड दाखवायला यायचा.

"पावती फाडा साहेब, पन तिची फेरी होऊ द्या."

पोरगी धापा टाकत आली. "बाबाले बोलू नका. मीच आनलं त्याईले."

पावती मी फाडलीच. मोटारवाल्यांच्याही फाडल्या. मग मैदानाच्या जाळीकडे बोट दाखवलं. "दादा, गाडी बाहेर काढा. जाळीला लावा. तोंड आत."

जाळीतून उजेड थेट पट्टीवर पडला. मनाई गाडीला होती, उजेडाला नव्हती! पण एका हत्तीचा उजेड कोपऱ्यापर्यंत पुरेना. मी व्यापाऱ्याकडे पाहिलं.

"लावतो ना," तो म्हणाला. "बॅटरी उतरली तं?"

"पोरी ढकलतील की," हत्तीवाला बोलला. "ताकद हाय त्याईच्यात."

त्या दिवसापासून सगळ्या गाड्या बाहेर, जाळीला नाक लावून. अंमलदाराने स्वतः फळी रंगवली: 'गाडी बाहेर, तोंड आत.' फाटकाला कुलूप लागलं नाही.

निवृत्तीनंतर त्याच मैदानावर कबड्डीच्या सामन्यांना पाहुणा म्हणून गेलो. उशीर झालेला, म्हणून गाडी सरळ आत घातली. मागून कर्कश शिट्टी! वर्दीतली महिला शिपाई माझ्याकडे येत होती. हत्तीवाल्याची तीच पोरगी.

"अगं, मला ओळखलं नाहीस?"

"हाव, वळखलं ना साहेब. म्हनूनच जोरात वाजवली."

माणूस नियम मोडतो तेव्हा पावती फाडावी, पण त्याच्या गाडीचे दिवे कुणासाठी चालू आहेत हेही पाहावं, एवढं ते प्रकरण मला शिकवून गेलं. आणि नियम मोडणारा मीच असलो, तर मुकाट्याने ऐकावं, हे तिने शिकवलं.

गाडी मागे घेतली आणि जाळीला लावली. तोंड आत.